सरकारी कचेरीतली इंटर्नशिप: तुमच्या वाट्याला काय आलं?

निळंढग

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाआधीचा उन्हाळा मी हवामान खात्याच्या एका छोट्या वेधशाळेत काढला. नव्वदच्या दशकाची सुरुवात. जिल्ह्याचं ठिकाण, पण कुठलं ते सांगत नाही. तिथल्या मंडळींचे भाचे-पुतणे इथे वावरत असणार. विभागप्रमुखांचं पत्र, वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ आणि 'सुट्टीत उंडारण्यापेक्षा बरं' एवढ्या भांडवलावर प्रवेश मिळाला. मानधन शून्य. चहा दोन वेळा, तोही निरीक्षकांच्या खिशातून.

डोक्यात होतं की वेधशाळा म्हणजे दुर्बिणी आणि भिंतभर नकाशे. प्रत्यक्षात तारेचं कुंपण घातलेलं मोकळं आवार, चार पायांवर उभी असलेली पांढरी झडपांची पेटी, पर्जन्यमापक, वातकुक्कुट आणि मागे दोन खोल्यांचं ऑफिस. पेटीचं दार उत्तरेला, उघडल्यावर ऊन आत शिरू नये म्हणून. आत चार तापमापक. दोन उभे, दोन आडवे. उभ्यांपैकी एकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली आणि तिची वात खालच्या बाटलीतल्या शुद्ध पाण्यात सोडलेली. ही मलमल मळली की आर्द्रता चुकते, त्यामुळे ती बदलणं हे माझं पहिलं स्वतंत्र खातं.

निरीक्षकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचा सगळा दिवस सकाळच्या साडेआठभोवती फिरायचा. आपले साडेआठ म्हणजे ग्रिनिचचे पहाटेचे तीन. त्याच क्षणी जगभरातले निरीक्षक आपापल्या आवारात उभे असतात, हे ऐकून मी उगाचच ताठ झालो होतो. ठोक्याच्या जरा आधी अण्णा बाहेर पडत. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करून त्यातले किती ढगांनी झाकलेत ते बघायचं. मग दूरचं किती दिसतंय ते: पाण्याची टाकी, साखर कारखान्याचं धुराडं, त्यामागचा डोंगर, या ठरलेल्या खुणा. मग वारा, पाऊस, तापमापक. आणि वायुभारमापक सगळ्यात शेवटी, अगदी ठोक्याला.

तापमापक वाचताना अण्णा मागे उभे राहायचे. डोळा पाऱ्याच्या बरोबर समोर हवा, आधी दशांश वाचायचा आणि मग पूर्ण अंश, कारण दशांश लवकर हलतो. 'समोर उभं राहून विचार करत बसू नकोस. तू थांबलास की तो तुझाच ताप सांगायला लागतो.' वाचलं की लगेच वहीत. वहीत खोडरबर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ, वर नवा आकडा, शेजारी सही.

एकदा महिन्याच्या नोंदींची नक्कल करताना मधे एका दिवसाच्या रकान्यात नुसती रेघ दिसली. त्या दिवशी गाव बंद होतं, अण्णा बाहेरगावी अडकले होते. मी नुकताच कॉलेजात इंटरपोलेशन शिकलेलो. विचारलं, आदल्या आणि पुढच्या दिवसावरून काढून भरू का? अण्णा म्हणाले, 'काढायचं असेल तर पुण्यातले साहेब काढतील. आपण बघितलं नाही, आपण रिकामं ठेवायचं.'

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही उलटं करायचो. उत्तर माहीत असायचं, मग त्याला शोभतील असे आकडे वहीत यायचे. इथे पहिल्यांदा असा माणूस भेटला की ज्याला उत्तर माहीत नव्हतं आणि त्याची घाईही नव्हती. त्या वह्या पुढे कोण उघडणार, कशासाठी, काही ठाऊक नाही.

तर धागा एवढ्यासाठी: विद्यार्थी असताना सरकारी ठिकाणी काम केलेल्यांनी लिहा. तक्रारीही चालतील, फक्त कार्यालयाचं नाव नको.

बोरूबहाद्दर

नशीबवान आहात. मी पदवीनंतर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका कार्यालयात होतो. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० महिना. मी दहा हजारवाला. पैसे आले, पण इतक्या उशिरा की घरी विचारणं बंद झालं होतं.

काम? झेरॉक्स. मग झेरॉक्सवर 'सत्यप्रत' शिक्का. मग साहेबांच्या सहीसाठी थांबणं. शेवटी शेवटी मला आवक-जावकला बसवलं. आलेलं प्रत्येक पत्र नोंदवहीत घ्यायचं, क्रमांक टाकायचा, कुठल्या टेबलाला गेलं ते लिहायचं. हे रटाळ काम करताना मात्र एक गंमत कळली. लोक खेटे घालून विचारतात 'माझ्या अर्जाचं काय झालं', आणि ऐंशी टक्के उत्तर त्या वहीत असतं. कोणत्या टेबलावर कागद झोपलाय ते दिसतं. (ऐंशी टक्के हा आकडा अंदाजे. अण्णा रागावतील.)

म्हणून ज्यांची पोरं जाणार आहेत त्यांना सांगतो, आवक-जावक मागून घ्या. कुणी देत नाही, कारण कुणाला नको असतं.

सईबाई

हवामान खातं म्हणालं पाऊस येणार की आम्ही वाळवणं बाहेर टाकतो. चोरासारखी विचारते, अण्णांनाही हे टोमणे ऐकावे लागायचे का?

निळंढग

@सईबाई, रोज. किराणा दुकानात, एसटीत, साडूच्या लग्नात. अण्णांचं ठरलेलं उत्तर: 'उद्याचं मला विचारू नका, कालचं विचारा. कालचं माझ्याकडे दशांशापर्यंत आहे.' अंदाज बांधणारे वेगळे आणि मोजणारे वेगळे, हे लोकांना पटवायचा नाद त्यांनी सोडला होता.

शेतकीवाला

धागा आवडला, पण जरा मीठ टाकतो.

मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी गावात राहून कार्यानुभव केला. पेपरात येतं ना, 'कृषिदूतांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक', त्या फोटोत मागच्या रांगेत अर्धं डोकं दिसतं तो मी. बीजप्रक्रिया, एक टक्का बोर्डो मिश्रण, माती नमुना, सगळं झालं. खरं शिकलो ते गावातल्या पर्जन्यमापकाशेजारी उभं राहून.

नियम असा की मापकाजवळ झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवं. आमच्या मंडळातला मापक कडुनिंबाच्या सावलीत. झाड नंतर वाढलं म्हणावं तर ते मापकाच्या आजोबांच्या वयाचं. पाऊस तिरपा आला की अर्धा निंबालाच.

आता मुद्दा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याला बळ येतं. त्या वर्षी एका रात्री ओढ्याकाठचे बांध फुटले, सोयाबीन आडवं झालं, दोन विहिरी गाळानं भरल्या. सकाळी मापकात ५८. दुपारपर्यंत तलाठी भाऊसाहेबांच्या दारात पन्नास-साठ माणूस. 'भाऊसाहेब, सात मिलिमीटरचाच तर प्रश्न आहे. सात मिलिमीटर म्हणजे किती, नखाएवढं.' एक म्हातारे काही बोलले नाहीत, सोयाबीनचं चिखलानं माखलेलं झाड मुळासकट भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवून गेले.

भाऊसाहेबांनी काय लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. पण निळंढग, तुमच्या अण्णांच्या दारात असे साठ लोक असते तर?

मधुमालती

बाप रे. वाचतेय.

निळंढग

@शेतकीवाला, प्रश्न अवघड आहे आणि प्रामाणिक उत्तर असं की अण्णांच्या आकड्यावर कुणाचं पोट नव्हतं. आकडा शुद्ध ठेवणं त्यांना परवडत होतं. भाऊसाहेबांना दोष द्यायची माझी छाती नाही.

तरीही वाटतं की इथे मोजणारा चुकत नाही, मोजमापावर ओझं टाकणारा चुकतो. ६५ कुठून आलं? हवामान खात्याच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ मिमीपासून 'जोरदार पाऊस' सुरू होतो. ती व्याख्या पावसाचं वर्णन करायला ठीक आहे. पण एका मापकाचं तोंड आपल्या पातेल्याएवढं, आणि त्यावरून दहा-वीस गावांच्या शिवाराचा निकाल लावायचा? २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला ९४४ मिमी आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७४ च्या आसपास. दोन्ही आकडे खरे. कुलाब्याच्या आकड्यावरून कुर्ल्याचा पंचनामा केला असता तर?

तुमच्याकडे ५८ च खरं असेल आणि बांधही खरेच फुटले असतील. बांध फुटलेत हे बांधावर जाऊन बघायचं असतं.

(अवांतर: ते ९४४ खात्याच्या वहीत २७ तारखेला आहेत. सकाळी साडेआठ ते साडेआठ असा दिवस धरतात आणि मोजलं त्या तारखेला पाऊस लिहितात. संध्याकाळी भिजलेला माणूस दुसऱ्या दिवशीचा पेपर बघून 'आज कुठे पाऊस होता' म्हणतो, त्याचं कारण हे.)

शेतकीवाला

बांधावर जाऊन बघायला माणूस लागतो. एका तलाठ्याकडे तीन-चार गावं. मग यंत्राकडे बोट दाखवणं सोपं पडतं. आता महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं मंडळा-मंडळांत आली, कडुनिंबाची भानगड कमी झाली, पण 'आमच्या शिवारात पडला आणि यंत्रात नाही' हे भांडण आहे तिथेच आहे. तेवढं तुमचं मान्य. मात्र ५८ चे ६५ केल्यानं कुणाचं वाईट झालं, हे सांगा.

समीकरण

मी सांगतो, कारण माझं पोट अशाच जुन्या आकड्यांवर आहे. हवामानाच्या दीर्घ नोंदी तपासून, दुरुस्त करून त्यांचे कल काढणाऱ्या गटात काम करतो.

वाईट पुढच्या शेतकऱ्याचं होतं. हवामानावर आधारित पीकविम्याचे निकष जुन्या नोंदींवरून ठरतात. ओढ्यावरचा पूल किती उंच, साठवण तलावाचा सांडवा किती रुंद, हेही. एका मंडळात ६५ चा आकडा वारंवार दिसला की हिशोब करणारा म्हणतो, इथे असा पाऊस नेहमीचाच, मग यात विशेष काय? हप्ता वाढतो किंवा निकष वर सरकतो. भाऊसाहेबांनी त्या साठ लोकांना जे दिलं असेल (दिलं असेल तर!), ते त्यांच्याच पोरांकडून परत घेतलं जाऊ शकतं.

आणि हो, बनवलेला आकडा ओळखू येतो. प्रत्येक वेळी नाही, पण ढिगात दिसतो. माणूस मनानं आकडे लिहायला लागला की शेवटी शून्य आणि पाच जास्त येतात. खरंच वाचलेल्या तापमानांत दशांशाचे दहाही अंक साधारण सारख्या प्रमाणात असायला हवेत. आम्ही जुनी नोंदवही हातात आली की आधी शेवटच्या अंकाचा आलेख काढतो. एखाद्या केंद्रावर अमुक साली अचानक .० आणि .५ चे मनोरे उभे राहतात; बहुधा निरीक्षक बदललेला असतो. मग काही वर्षांनी मनोरे खाली बसतात. न पाहिलेल्या माणसाची हजेरी घेतल्यासारखं वाटतं.

दुसरा नेहमीचा घोळ मापट्याचा. पर्जन्यमापकाचं तोंड १०० चौरस सेंटिमीटरचं असतं किंवा २०० चं, आणि प्रत्येकाला मोजायचं काचपात्र वेगळं. मोठ्या मापकाला लहानाचं पात्र वापरलं की पाऊस सरळ दुप्पट. कुणी खोटं लिहिलेलं नसतं, सही-शिक्का व्यवस्थित असतो आणि तरी गाव कागदोपत्री चेरापुंजी झालेलं असतं.

अण्णांनी ठेवली तशी रेघ मिळाली की आम्हाला आनंद होतो. रिकाम्या जागेशी काय करायचं ते आम्हाला येतं.

बोरूबहाद्दर

@समीकरण, म्हणजे माझ्या 'ऐंशी टक्के'चाही मनोरा दिसणार. लपायला जागा नाही.

डॉ. पुडीवाला

शेवटच्या अंकाचं वाचून राहवलं नाही. एमबीबीएसनंतरच्या वर्षभराच्या इंटर्नशिपमधले काही आठवडे ग्रामीण भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. केंद्राचं नाव, तालुका, काही नाही.

लसी ठेवायचा एक खास फ्रीज असतो, त्याला सगळे आयएलआर म्हणतात. आतलं तापमान २ ते ८ अंशांत हवं आणि ते सकाळ-संध्याकाळ, रविवारीसुद्धा, फ्रीजवर लावलेल्या वहीत लिहायचं. मी शुक्रवारी सहज वही उघडली तर रविवार संध्याकाळपर्यंतचे रकाने भरलेले. ४.०, ४.५, ४.०, ५.०. सहीसकट. समीकरण साहेबांना आलेखाचीही गरज पडली नसती.

चिडायचंच वय होतं, पण सिस्टरांनी खाली बसवलं. 'डॉक्टर, रविवारी इथे कोण असतं? शिपायाची जागा दोन वर्षं रिकामी आहे. रकाना मोकळा दिसला की तपासणीत मला मेमो. फ्रीज बिघडला तर मेमो नंतर.' रिकाम्या जागेला शिक्षा आणि भरलेल्याला शाबासकी असेल तर माणूस भरणारच की. निळंढग, तुमच्या अण्णांना रेघ मारायची मुभा होती. सिस्टरांना नव्हती. हा फरक माझ्या मते अण्णांच्या सचोटीपेक्षा मोठा आहे.

गंमत म्हणजे कुपी स्वतःची वही स्वतः ठेवते. तोंडी पोलिओच्या कुपीवर जांभळट वर्तुळ असतं आणि त्यात फिकट चौकोन. उष्णता सोसली की चौकोन गडद होत जातो. वर्तुळाइतका झाला की कुपी बाद. त्याला कुणाची सही लागत नाही. सिस्टर वहीकडे बघायच्याच नाहीत, सोमवारी आल्या आल्या कुपी उजेडात धरून चौकोन बघायच्या. पण हा चौकोन फक्त उष्णता सांगतो. पेंटा किंवा हिपॅटायटिस बीची लस गोठली तर ती वाया जाते आणि चौकोन मात्र फिकटच राहतो. तिथे वहीच लागते, खरी वही.

आता बऱ्याच ठिकाणी इव्हिनचे (लससाठ्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचे) तापमान-नोंदक बसलेत, तापमान आपोआप जातं, बिघाड झाला की फोनवर निरोप येतो. सिस्टर निवृत्त झाल्या. दिवाळीला फोन असतो.

मधुमालती

सिस्टरांचं वाक्य ऑफिसात चिकटवण्यासारखं आहे. आमच्या (खाजगी!) कंपनीतही रिकामा रकाना दिसला की मेल येते. सरकारला कशाला नावं ठेवायची.

निळंढग

@डॉ. पुडीवाला, पटलं. अण्णा फार सज्जन होते असं मी इतकी वर्षं समजत आलो. होतेच. पण त्यांच्या खात्यानं रेघेला जागा ठेवली होती, हे मी कधी बघितलं नव्हतं.

अलिबागचा नाही

'अलिबागवरून आलायस का' हे ऐकून कंटाळल्यामुळे हे नाव. आलोय मात्र तिथूनच.

आकडा स्वच्छ राहावा म्हणून आपल्याकडे काय काय केलंय त्याची एक आठवण. भूगोल-भौतिकीचा विद्यार्थी म्हणून अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत थोडा काळ शिकायला जायचो. मुळात ही वेधशाळा मुंबईत कुलाब्याला, तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी. मग मुंबईत घोड्यांच्या जागी विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेनं सुया थरथरल्या असत्या. ट्राम तर थांबणार नव्हती, म्हणून वेधशाळाच खाडीपलीकडे अलिबागला हलवली, १९०४ मध्ये. ज्या इमारतींत मोजणी चालते त्या लोखंडाचा वापर टाळून बांधलेल्या.

आम्हा पोरांच्या खिशातल्या किल्ल्या, पट्ट्याची बक्कलं, सगळं आधी बाहेर काढायला लावत. एका मित्राच्या चपलेला खिळा मारलेला होता, त्याला अनवाणी आत नेलं. सरांनी दोन वेधशाळांच्या नोंदी जोडलेला लांबलचक आलेख दाखवला होता आणि सांध्यावर बोट ठेवून विचारलं होतं, 'कुठे जोड दिसतोय का बघा.' दिसला नाही. जागा बदलताना काही काळ दोन्हीकडे एकदमच मोजत होते म्हणे. नोकरीत नंतर तीन वेळा कॉम्प्युटर प्रणाली बदलली, एकदाही जुनी-नवी शेजारी चालवायचं कुणाला सुचलं नाही. जुनी शुक्रवारी बंद, नवी सोमवारी सुरू, मंगळवारपासून बोंब.

सईबाई

@अलिबागचा नाही, किती छान. कुणी पुण्यातल्या 'सिमला ऑफिस'बद्दल लिहा ना. मी लहानपणी समजायचे तिथे सिमल्याची सफरचंदं मिळतात.

समीकरण

@सईबाई, हवामान खातं सुरू झालं १८७५ ला, कलकत्त्यात. पुढे मुख्यालय सिमल्याला आणि १९२८ मध्ये तिथून पुण्याला, शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या इमारतीत. १९४४ ला ते दिल्लीला गेलं, पण पुणेकरांनी एकदा ठेवलेलं नाव बदलत नाही. देशभरातल्या नोंदवह्या अजूनही पुण्यातच जमा होतात. अण्णांचे 'पुण्यातले साहेब' म्हणजे तेच.

हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी याच पुण्याच्या कार्यालयात १९४८ मध्ये उपकरण विभागात आल्या. तोवर साधी उपकरणंही बाहेरून यायची. त्यांनी शंभरेक उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात बनवायला लावली. त्यांचा हट्ट असा की चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं. म्हणजे अण्णांची रेघ ही खात्याच्या घरातलीच आहे.

टीवाय फिजिक्स

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. मी नांदेडला टीवायला आहे. उन्हाळ्यात असं काही करायचंय. सर म्हणतात ऑनलाइन कोर्स कर, सरकारी ठिकाणी कोण विचारणार? कुणाला लिहायचं, काय लिहायचं, आणि पैसे मिळतात का?

बोरूबहाद्दर

पैशाचं मी सांगतो: बहुतेक ठिकाणी नाही. नीती आयोगाची इंटर्नशिपसुद्धा बिनपगारी आहे, राहणं-खाणं आपलं आपण. म्हणून ज्या गावात मामा-मावशी आहे ते गाव आधी निवड, मग विषय.

समीकरण

@टीवाय फिजिक्स, पुण्यात हवामान खातं आहे आणि पाषाणला उष्णदेशीय हवामान संस्था, म्हणजे आयआयटीएम. दोन्हींच्या संकेतस्थळांवर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची पानं असतात, ती आधी वाच. जानेवारीतच लिही, एप्रिलमध्ये लिहिणाऱ्यांची रांग मोठी. एकाच मजकुराची वीस पत्रं टाकू नकोस. एका शास्त्रज्ञाचा एक लेख वाच, न समजलेली एक गोष्ट नेमकेपणानं विचार आणि मग काम माग. आणि पायथॉनमध्ये नाहीतर निदान एक्सेलमध्ये हात साफ कर. दाराशी आलेल्या मुलाला आम्ही पहिल्यांदा जुन्या नोंदीच तपासायला देतो.

शेतकीवाला

नांदेडहून पुण्यालाच कशाला? परभणीला कृषी विद्यापीठ आहे, तिथे कृषी हवामानाचं काम चालतं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी सल्ला निघतो. आकड्याचा सल्ला कसा होतो ते तिथे दिसेल. एसटीनं घरी झोपायला येता येईल.

निळंढग

परभणीची सूचना उत्तम. पत्रासोबत विभागप्रमुखांचं शिफारसपत्र आणि कॉलेजचं ना-हरकत लागेल, दोन्ही लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. तारखा स्पष्ट लिही: अमुकपासून अमुकपर्यंत. 'कोणतंही काम चालेल' असं लिहिलंस तर बोरूबहाद्दरांचं झेरॉक्स मशीन वाट बघतंय. 'निरीक्षणं घ्यायला आणि नोंदी तपासायला शिकायचं आहे' एवढं पुरे. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी स्वतः जाऊन आवक क्रमांक विचार.

बोरूबहाद्दर

आणि पोच घे. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का. शिक्का नसेल तर तू पत्र दिलंच नाहीस.

टीवाय फिजिक्स

सगळ्यांचे आभार. परभणी आणि पुणे दोन्हीकडे टाकतो. समीकरण सर, आमच्या कॉलेजच्या गच्चीवर एक जुना पर्जन्यमापक आहे, पण काचपात्र फुटलंय. वजन करून पाऊस काढता येईल का?

समीकरण

येईल. तोंडाचा व्यास आतल्या बाजूनं मोज, क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढ. पाण्याचं ग्रॅममधलं वजन भागिले क्षेत्रफळ, गुणिले दहा, की मिलिमीटर. रोज साडेआठलाच. गच्चीवर वाऱ्यामुळे पाऊस कमी भरतो, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर 'गच्ची, इतके फूट उंच' असं लिहून ठेव. जमलं तर एक मापक खाली मैदानातही लाव.

टीवाय फिजिक्स

मैदानात क्रिकेट चालतं सर. बोलतो त्यांच्याशी. एचओडी सर रजेवर आहेत, शिफारसपत्रावर सोमवारी सही मिळेल.